आंब्याच्या पैशांवर परदेशात एक सेमिस्टर: फाईल कशी उभी करावी

पासपोर्ट हातात आहे, मार्क बरे आहेत, घरची परवानगी आहे, एवढं धरून चालतो. परदेशात एक सेमिस्टर करण्याबद्दलचे बरेच सल्ले पगारदार घरांसाठी लिहिलेले असतात. सॅलरी स्लिप जोडा, फॉर्म १६ जोडा, तीन वर्षांची रिटर्न जोडा. रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या बागायतदाराच्या पोराने हे कागद आणायचे कुठून? इथल्या मुलांच्या व्हिसाच्या फायली दर वर्षी माझ्याकडे येतात आणि बहुतेक एकाच जागी अडकतात: पैसा कुठून आला ते दाखवताना. त्यामुळे लेखाचा बराचसा भाग त्या जागेवरच आहे.

आधी करार

तुमच्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी विद्यार्थी-अदलाबदलीचा करार आहे का, ते विचारा. असेल तर बहुधा फी इथलीच भरायची असते, तिकडची माफ. नसेल तर तिकडची फी तुमच्या माथी.

मग विषय

युरोपात पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस (तिकडची अभ्यासाची मोजणी) क्रेडिट. लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कुठले विषय घेणार त्या ठरावाच्या कागदावर, विभागप्रमुखांची सही झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, ते विषय इथे धरले जातील असं परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. तिकडे गेल्यावर एखादा विषय बंद झालेला निघतोच. बदल लगेच ईमेलने कळवा आणि होकारही ईमेलनेच मागा. फोनवरचं ‘हो, चालेल’ निकालाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

आता पैसे दाखवायचे

जर्मनीच्या व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे ५,९५२ झाले. युरो शंभर रुपयांना धरला तरी सहा लाखांच्या घरात. फ्रान्सचा आकडा महिन्याला ६१५ युरो. एवढी रक्कम आपल्याकडच्या बऱ्याच घरांत जमते. अडचण ती कुठून आली हे कागदावर दाखवण्याची असते.

आपला पैसा येतो कसा ते बघा. सीझनआधी दलालाकडून उचल घेतलेली असते, फवारणी आणि राखणीला ती संपते. मार्च ते मे पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात जातात आणि हिशोब सीझन संपता संपता होतो. म्हणजे वर्षभर खातं कोरडं आणि मे-जूनमध्ये एकदम मोठी रक्कम. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून वडिलांनी रिटर्न कधी भरलेलं नाही. व्हिसाची फाईल तपासणाऱ्याला हापूस माहीत नसतो. त्याला दिसतं ते एवढंच, की अर्जाच्या आधी महिनाभर कुठून तरी चार-पाच लाख खात्यात येऊन पडले.

यावर गावोगावचे एजंट एक ठरलेला उपाय सांगतात: मुंबईच्या काकांकडून पैसे घ्या, महिनाभर खात्यात ठेवा, व्हिसा झाला की परत करा. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला रक्कम सलग २८ दिवस खात्यात लागते. तो एक नियम उचलून हे लोक सगळ्या देशांना लावत सुटतात. ऐकू नका. ज्या पैशांचा उगम सांगता येत नाही ते खात्यात नसलेलेच बरे. काकांना खरोखर मदत करायची असेल तर उघडपणे प्रायोजक होऊ द्या, त्यांच्या पत्रासह आणि त्यांच्या कागदांसह.

खरा उपाय कंटाळवाणा आहे आणि तो आदल्या सीझनपासून सुरू होतो. दलालाला सांगायचं, रोख नको, खात्यावर पाठवा. प्रत्येक पट्टी, म्हणजे दलालाने दिलेला विक्रीच्या हिशोबाचा कागद, जपून ठेवायची. पट्टीवर तारीख, पेट्या, भाव, हमाली, तोलाई, दलाली आणि खाली निव्वळ रक्कम असते. उचल त्यातून वळती झाली असेल तर तेही लिहून घ्या, नाहीतर पट्टी आणि बँक जुळणार नाही. मग पासबुकातल्या जमेसमोर पट्टीचा नंबर मांडून एका पानाचा तक्ता करायचा, त्यावर सीएचं प्रमाणपत्र घ्यायचं. उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरून ते त्यात दाखवता येतं. निदान या वर्षापासून तरी भरा.

सातबारा जोडाच, पण त्यावर विसंबू नका. आपले सातबारे सामाईक. आजोबा जाऊन जमाना झाला तरी नाव तसंच, खाली काका, आत्या, चुलत भावंडं. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो, पण त्यातला तुमचा हिस्सा किती हे परक्या माणसाला कळत नाही. शिवाय जमीन म्हणजे हातातला पैसा नव्हे. बागेचं मूल्यांकन करून कोटीचा आकडा लावणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

आणखी एक, याबाबतीत मी कुणाची गय करत नाही. फी सवलतीसाठी तहसीलमधून ऐंशी हजारांचा उत्पन्नाचा दाखला घेतलेला आणि व्हिसाच्या फाईलमध्ये बागेचं उत्पन्न आठ लाख! दोन्हीतलं एकच खरं असणार. कुठलं ते घरी बसून आधी ठरवा. खोट्या आकड्याची फाईल मी हातात घेत नाही.

जर्मनीला जाणाऱ्यांना त्यातल्या त्यात सोपं. ब्लॉक्ड अकाउंट (यातले पैसे दर महिन्याला ठरावीकच काढता येतात) काढून रक्कम त्यात भरली की खर्चाची सोय सिद्ध होते. पण पैसे इथून बाहेर पाठवताना बँक विचारणारच. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम बहुधा होत नसतं, कागद दुसऱ्या शाखेत जातात. तिथे पैसे परदेशी पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, प्रवेशपत्र आणि पुन्हा तोच प्रश्न, रक्कम कुठली? पट्ट्यांचा तक्ता इथेही चालतो. युरोपकडे पैसे निघायला दोन-तीन दिवस लागतील असं मॅनेजर म्हणाले तर तुम्ही दोन-तीन आठवडे धरा.

मुंबईची तारीख

ऑक्टोबरच्या सेमिस्टरसाठी व्हिसाची मुंबईतली अपॉइंटमेंट ऐन पावसात येते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, दरड आली की तेही कोलमडतं. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट काउंटर गाठायचा बेत करू नका. आदल्या दिवशी पोचा.

बॅग

थंडीचे कपडे तिकडे घ्या. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खरवस घरीच. ताजा आंबा फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, नारळाला मात्र सूट आहे. आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला खुशाल न्या, पण पाकिटं सीलबंद असू द्या आणि त्यांवर नाव इंग्रजीत लिहा. परतण्याआधी तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिकडचं गुणपत्रक, कधी मिळणार, ते इथल्या परीक्षा विभागाकडे थेट पाठवणार की तुमच्या हातात देणार, हे विचारून घ्या. इथे काय चालतं ते जायच्या आधीच विचारलेलं असू द्या.