भुयारी गटार विभागात रुजू होताना

महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेच्या पाणीपुरवठा, जलनिस्सारण व स्वच्छता अभियांत्रिकी संवर्गातून किंवा एखाद्या महानगरपालिकेच्या सरळसेवा भरतीतून निवड झालेल्या तरुण अभियंत्याची पहिली नेमणूक ड्रेनेज विभागात झाली, की घरचे लोक त्याची समजूत काढू लागतात. या विभागात रस्ते नाहीत, इमारती नाहीत, कोनशिलेवर नाव नाही; रोज सकाळी तुंबलेल्या चेंबरच्या तक्रारी मात्र आहेत. सांगली परिसरात या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. शहराची जमीन, शहराचा पैसा आणि शहरातली माणसे एकाच वेळी समजून घ्यायला लावणारा असा दुसरा विभाग नाही. अट एवढीच, की नव्याने येणाऱ्याने जमिनीखालच्या नळांइतकेच लक्ष कर विभागातल्या नोंदवह्यांकडेही द्यावे. अभियांत्रिकी महाविद्यालयात नळ शिकवतात, नोंदवही कोणी शिकवत नाही, म्हणून पुढील मजकुराचा मोठा भाग तिच्यासाठी राखला आहे.

सांडपाणी नळातून वाहते ते उताराने. केंद्र सरकारच्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेची २०१३ साली सुधारलेली आवृत्ती तीन भागांत आहे. तिचा अभियांत्रिकीचा भाग सर्वजण उघडतात. देखभाल-दुरुस्तीचा आणि व्यवस्थापनाचा भाग बहुधा कपाटातच राहतो. नळात दिवसातून एकदा तरी सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळाला पाहिजे, म्हणजे तळाशी बसलेला गाळ वाहून जातो, हा त्या पुस्तिकेतला दंडक सांगलीत आल्यावर खरा कळतो. कृष्णाकाठची ही जमीन इतकी सपाट आहे, की आवश्यक उतार देत गेले तर नळ थोड्याच अंतरात खोल जातो आणि मग वेटवेल, म्हणजे सांडपाणी साठवण्याची खोल विहीर, बांधून पाणी पंपाने वर उचलण्याखेरीज इलाज राहत नाही. त्यात काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नळाखालचा थर नीट दिलेला नसेल, तर एखादी नळी खचते, सांधा उघडतो, भूजल आत शिरते आणि पंप दिवसरात्र स्वच्छ पाणीच उपसत बसतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून वेण्णेच्या दिशेने गाव उतरत जाते, त्यामुळे तिथे उताराची ददात नाही. मात्र वेगाने येणारे पाणी खडी-वाळू घेऊन येते आणि उतार संपून सपाटी लागते तिथल्या चेंबरांत ती साठते. एकाच पुस्तिकेतले एकच सूत्र या दोन गावांत दोन वेगवेगळे खर्च निर्माण करते, आणि म्हणून शेजारच्या शहराचा दर उचलून आपल्या शहराला लावणे चुकीचे ठरते.

नळ तुंबण्याची कारणे कोणत्याही मुकादमाला तोंडपाठ असतात. हॉटेलांच्या मोऱ्यांतून येणारे तूप-तेल गोठून नळाच्या आतल्या बाजूला थर धरते. गावभागातल्या जुन्या वस्त्यांत अजून गोठे आहेत आणि धुतलेले शेण सरळ चेंबरात जाते. बांधकामाचा राडारोडा, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक हे तर सगळीकडेच. शिवाय पावसाळ्यात अंगणात पाणी साचले, की लोक ड्रेनेजचे झाकण उघडून ते आत सोडतात. ज्या नळाची क्षमता केवळ मैलापाण्यासाठी धरलेली असते, तो मग खालच्या भागातल्या घरांच्या शौचालयांतून उलटा वर येतो. तक्रार येते खालच्या घरातून, कारण असते वरच्या अंगणात, आणि नवीन अभियंता खालच्या घरासमोरच खोदकाम करून बसतो. तक्रार आल्यावर प्रथम वरचे आणि खालचे अशी दोन्ही बाजूंची चेंबरे उघडून पाणी कुठपर्यंत भरले आहे ते पाहावे. भरलेले शेवटचे चेंबर आणि कोरडे पहिले चेंबर यांच्यामधल्या नळात अडथळा असतो. जेटिंग यंत्राची, म्हणजे जोरदार फवाऱ्याने नळ साफ करणाऱ्या यंत्राची, नळी खालच्या, म्हणजे कोरड्या चेंबरातून वरच्या दिशेने सोडावी, म्हणजे सुटलेला गाळ त्याच चेंबराकडे ओढला जातो आणि तिथे सक्शन गाडीने उचलता येतो; उलट केल्यास गाळ पुढच्या टप्प्यात ढकलला जातो आणि दोन दिवसांनी तीच तक्रार पुढच्या गल्लीतून येते.

या कामात एका बाबतीत कोणतीही तडजोड चालत नाही. चेंबरात माणूस उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा आणि गटारांच्या धोकादायक सफाईवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाखांवर नेली. हे आकडे नव्या अभियंत्याला माहीत असावेत, पण त्याहूनही हायड्रोजन सल्फाइडचा स्वभाव माहीत असावा. कुजक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात येतो; प्रमाण वाढले, की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटून माणूस आत जातो. रात्री अकरा वाजता एखादे लोकप्रतिनिधी किंवा सोसायटीचे अध्यक्ष ‘एक माणूस दोन मिनिटांसाठी उतरवा’ म्हणून आग्रह धरतील; त्यांना शांतपणे नाही म्हणता येणे हे या नोकरीतले पहिले कौशल्य आहे असे मी मानतो. जेटिंग यंत्र नादुरुस्त असेल तर शेजारच्या नगरपरिषदेकडून मागवावे, आणि तेही नसेल तर तक्रार सकाळपर्यंत थांबवावी. नेमक्या याच ठिकाणी पैशाचा प्रश्न उभा राहतो, कारण यंत्र नादुरुस्त असते ते बहुतेक वेळा अंदाजपत्रकातल्या दुरुस्तीच्या लेखाशीर्षात (खात्यात) तरतूद संपलेली असल्यामुळे.

भुयारी गटाराची योजना उभी करायला पैसा मिळतो. २०१५ मध्ये सुरू झालेले केंद्राचे अमृत अभियान, २०२१ पासूनचा त्याचा दुसरा टप्पा, राज्याचे सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान, वित्त आयोगाचे निधी असे अनेक मार्ग आहेत. अमृतच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाच्या आतील शहरांना केंद्राचा निम्मा आणि एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना एक तृतीयांश वाटा मिळतो. परंतु हा पैसा नळ टाकण्याचा आहे. नळ टाकून झाल्यानंतर पुढची तीस वर्षे तो वाहता ठेवण्याचा खर्च शहरानेच करायचा असतो. सांगलीतल्या शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळू नये म्हणून ते उपसून धुळगावच्या बाजूला शेतीसाठी नेण्याची योजना सर्वांना ठाऊक आहे. अशा योजनेत बांधकामाचे देयक एकदा दिले की संपते, उपशाचे विजेचे देयक मात्र दरमहा येते.

हा खर्च किती, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहावा. नियमपुस्तिकेप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरला आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते असे मानले, तर पाच माणसांच्या घरातून रोज ५४० लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे १६ घनमीटर सांडपाणी येते. एक घनमीटर पाणी १५ मीटर उंच उचलायला, पंप आणि मोटर यांची एकत्र कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास, ०.०६८ युनिट वीज लागते. रोज एक कोटी लिटर सांडपाणी उचलणाऱ्या केंद्राला हे साधारण ६८० युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला जवळजवळ वीस लाख रुपये. ऐकायला ही रक्कम मोठी वाटते. पण तेवढे सांडपाणी साडेअठरा हजार घरांचे असते, आणि त्यांच्यात विभागली तर एका घराच्या वाट्याला महिन्याला नऊ रुपयांच्या आसपास येतात. त्यावर शुद्धीकरण केंद्रातल्या हवा देणाऱ्या यंत्रांची वीज, कर्मचाऱ्यांचे वेतन, जेटिंग गाड्यांचे डिझेल, झाकणे आणि दुरुस्तीचा वार्षिक ठेका हे सर्व चढवले तरी दर आवाक्यातच राहतो. तरीही विभाग तोट्यात का असतो, हा प्रश्न मी कर विभागातल्या अनुभवी लिपिकांना विचारत गेलो आणि उत्तर दरापेक्षा नोंदीत सापडत गेले.

महानगरपालिकांच्या घरपट्टीच्या देयकावर करयोग्य मूल्याच्या ठरावीक टक्क्यांनी मलप्रवाह कर आणि मलनिस्सारण लाभ कर आकारण्याची कायद्यात सोय आहे. लाभ कर मुख्यतः सुविधा उभारण्याच्या भांडवली खर्चाशी जोडलेला आहे. करयोग्य मूल्य म्हणजे वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केलेली रक्कम. आता जुन्या वाड्याचे भाडेमूल्य फार पूर्वी ठरलेले असते, त्यात चार बिऱ्हाडे आणि चार शौचालये असतात, आणि त्याचा मलप्रवाह कर उपनगरातल्या एका नव्या फ्लॅटपेक्षा कमी येतो. ही विषमता दूर करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पाण्याच्या वापरावर दर बसवणे. मुंबईत पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के इतका मलनिस्सारण आकार घेतला जातो. पण त्यासाठी पाण्याला मीटर हवे, आणि मीटर नसलेल्या गावात हा मार्ग कागदावरच राहतो. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, त्यामुळे आपल्या भागात हे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. माझा स्वतःचा कल मिश्र दराकडे आहे: वेतन आणि देखभाल हा खर्च नळातून पाणी कमी वाहिले तरी कमी होत नाही, म्हणून त्यासाठी प्रत्येक जोडणीला स्थिर आकार असावा, आणि वीज व शुद्धीकरण यांसाठी जिथे मीटर आहे तिथे वापरानुसार.

दर कोणताही असो, तो लागतो नोंदवहीतल्या जोडणीला. घरपट्टीची मागणी नोंदवही (कोणाकडून किती कर यायचा त्याची वही), पाणीपट्टीची यादी आणि ड्रेनेज जोडण्यांची यादी या तीन याद्या सहसा तीन टेबलांवर असतात आणि त्यांतले मालमत्ता क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. घर विकले जाते, मजला चढतो, तळमजल्यावर खानावळ सुरू होते, पण ड्रेनेजच्या यादीत ते एका कुटुंबाचे घरच राहते. नळ गल्लीतून गेल्यावर प्लंबरला सांगून परस्पर जोडणी करून घेणारे असतातच. वरच्या हिशेबातल्या साडेअठरा हजार घरांपैकी निम्मीच यादीत असतील, तर त्यांच्यावर दुप्पट भार पडतो. मग ते दरवाढीला विरोध करतात, आणि त्यांचा विरोध न्याय्य असतो. म्हणून नव्या अभियंत्याने पहिल्या वर्षी एकच प्रभाग निवडावा, मुकादमाला बरोबर घेऊन प्रत्येक चेंबरला क्रमांक द्यावा, त्यात कोणकोणत्या घरांची नळी येते ते पाहावे, शंका असेल तिथे घरमालकाला कल्पना देऊन शौचालयात रंग टाकून तपासावे आणि ते सर्व मालमत्ता क्रमांकासह नकाशावर चढवावे. या नकाशाचा उपयोग तुंबलेला नळ शोधायलाही होतो आणि कराची मागणी वाढवायलाही. करनिरीक्षक सुरुवातीला नाराज होतात, कारण त्यांच्या कामात कोणी हात घालत आहे असे त्यांना वाटते. त्यांच्याबरोबर बसून दुरुस्तीचा प्रस्ताव त्यांच्याच सहीने पाठवला, की काम पुढे सरकते.

ज्या भागात भुयारी गटार नाही तिथे सेप्टिक टाक्या आहेत आणि त्यांचाही विचार दरात झाला पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपरिषदेने टाकी भरून वाहू लागण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीपाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली, आणि गाडी आल्यावर घरमालकाने रोख पैसे देण्याऐवजी तो खर्च करांतून भागवला. लहान शहरात काम मिळालेल्या कोणीही हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

शिक्षणाविषयी थोडक्यात. स्थापत्य पदवीधरांना पर्यावरण अभियांत्रिकीतले पुढील शिक्षण सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात घेता येते. पदवी नसलेल्यांसाठी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा स्वच्छता निरीक्षक अभ्यासक्रम आहे. अभियंत्यांनीही द्विनोंदी लेखापद्धती, विशेषतः घसारा (यंत्र झिजते तशी त्याची किंमत दरवर्षी कमी धरणे), शिकून घ्यावी. पंपाचे आयुष्य पंधरा वर्षे धरतात. घसाऱ्याइतकी रक्कम दरवर्षी बाजूला पडली नाही, तर सोळाव्या वर्षी नव्या पंपासाठी पुन्हा अनुदानाचीच वाट पाहावी लागते.

पूरकाळाचा खर्च वेगळा मांडावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, आणि अशा वेळी गटारांची नदीत उतरणारी तोंडे बंद ठेवून आतले पाणी पंपांनी काढावे लागते, डिझेल जनित्रे चालवावी लागतात आणि पूर ओसरल्यावर कित्येक किलोमीटर नळांतला गाळ काढावा लागतो. हा खर्च नेहमीच्या देखभालीतून केला, की हिवाळ्यात जेटिंग बंद पडते.

महानगरपालिकेत पुढील वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. त्यामुळे विभागाने दराविषयीचे आपले टिपण डिसेंबरातच लेखा विभागाकडे द्यावे. त्यात एका जोडणीमागे वर्षाला होणारा खर्च, एका जोडणीमागे प्रत्यक्ष होणारी वसुली आणि वर्षभरात नव्याने नोंदीवर आणलेल्या जोडण्यांची संख्या हे तीन आकडे पहिल्याच पानावर असावेत. टिपणाला सर्वेक्षण केलेल्या प्रभागाचा नकाशा जोडावा, कारण दरवाढीवर सभागृहात पहिला प्रश्न येतो तो ‘आधी न भरणाऱ्यांचे काय’ हाच.