लघवीच्या मार्गात काही अडकलंय? या चुका टाळा

पेनची रिफिल, वायरचा तुकडा, हेअरपिन, लहान मुलांच्या बाबतीत मणी. असं काही लघवीच्या जागेत अडकलं की पहिली धाव बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे असते. ‘लघवीला जळजळ होतेय’ एवढंच सांगून सिरप आणायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि आपोआप निघेल म्हणून वाट बघायची. खरं कारण लाजेपोटी घरातही कळत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत दुर्बिणीने काम करणारे युरोसर्जन (लघवीच्या मार्गाचे सर्जन) सहज मिळतात, तरी त्यांच्या दारापर्यंत जायला माणसं दिवसच्या दिवस लावतात.

पाण्याच्या जोराने वस्तू क्वचितच बाहेर येते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे दुखणं थांबणं. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी लांब असतो, त्यामुळे पिन सरकून थेट मूत्राशयात जाते. मग ठणका कमी होतो आणि निघाली असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्यावर क्षार साचत राहतात, काही महिन्यांनी खडा तयार होतो, आणि तोवर अँटिबायोटिकचे कोर्स चालू असतात. लघवीचं इन्फेक्शन बरं होऊन पुन्हा पुन्हा येत असेल तर हेही एक कारण असू शकतं.

चिमट्याने काढायला जाऊ नका. पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण 20 सेंमी लांब आणि वळणांचा असतो. ओढाताणीत वस्तू आणखी आत जाते, आतलं अस्तर फाटतं आणि भरलेली जखम पुढे मार्ग अरुंद करते. लघवी पूर्ण तुंबली, थंडी वाजून ताप आला, रक्त थांबत नसेल किंवा अडकलेली वस्तू बटण बॅटरी असेल, तर रात्र असली तरी लगेच निघा. बॅटरी काही तासांतच आतून जाळते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसण्याआधी रुग्णालयात फोन करून दुर्बिणीची सोय आत्ता आहे का, ते विचारून घ्या. गरज पडल्यास 108 ला फोन करा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खाऊ नका.

डॉक्टरांपासून लपवणं सगळ्यात महागात पडतं. एक्स-रेमध्ये धातू दिसतो. प्लॅस्टिक आणि लाकूड बहुधा दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून तुम्ही घरी याल आणि रिफिल आतच राहील. तुम्ही वस्तूबद्दल सांगितलं नाही आणि तुंबलेली लघवी काढायला नळी घातली गेली, तर वस्तू आणखी पुढे ढकलली जाईल. रुग्णालयातल्या नोंदणीच्या खिडकीवर ‘लघवीचा त्रास’ एवढं सांगितलं तरी चालतं. बाकीचं आत डॉक्टरांना सांगा, आणि सोबत आलेल्या भावाला बाहेर थांबायला सांगा. शक्य असेल तर तशीच दुसरी वस्तू बरोबर न्या. तिची लांबी, जाडी आणि टोक पाहून दुर्बिणीतून चिमट्याने काढायची की ओटीपोटावर छोटा छेद द्यायचा, हे ठरवायला मदत होते. कसं झालं यावर प्रवचन देणारा डॉक्टर भेटलाच, तर दुसरा गाठा.

मुलांना मारू नका, ओरडू नका. दुसऱ्या कुणी केलं असल्याची शंका असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मोठं माणूस स्वतःच्याच बाबतीत हे वारंवार करत असेल, तर 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर बोलता येतं.

आता घरोघरी असलेली वस्तू: आजोबांची लघवीची नळी. मूत्राशयातला पाण्याचा फुगा तिला धरून ठेवतो. फुगा रिकामा होत नाही म्हणून कुणी नळी कात्रीने कापतं, कुणी जास्त पाणी भरून फुगा फोडायला जातं. कापलेली नळी आत निसटू शकते आणि फुटलेल्या फुग्याच्या रबराचे तुकडे मूत्राशयात राहतात. म्हणजे घरच्या घरीच आपण आत परकी वस्तू सोडली! फुगा सुटत नसेल तर नळी तशीच ठेवून रुग्णालयात न्या. आजोबांनी झोपेत ती फुग्यासकट ओढली असेल तर पुन्हा घालायला जाऊ नका. रक्त येत असेल किंवा लघवी होत नसेल तर ताबडतोब दाखवा. आणि बाहेर आलेली नळी टाकून देऊ नका. टोक आणि फुगा अख्खा आहे का, हे डॉक्टरांना बघायचं असतं.

मुतखड्याच्या ऑपरेशननंतर ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली बारीक नळी, हीही अशीच विसरली जाते. तिचं खालचं टोक मूत्राशयात असतं आणि महिनोन्‌महिने राहिली तर तिच्यावर खडे धरतात. डिस्चार्ज कार्डवर काढायची तारीख लिहिलेली नसेल तर तिथेच विचारून लिहून घ्या, आणि कार्डाचा फोटो घरातल्या आणखी कुणाच्या तरी मोबाईलवर ठेवा.