राखेच्या विटा, एएसी ब्लॉक आणि तडकलेली भिंत : या चुका टाळा

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख नाशिककरांना नवी नाही. ही राख बांधकामात वापरावी आणि शेतातली सुपीक माती वीटभट्टीत जाणं थांबावं, हा केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेचा हेतू होता. आज शहरात राखेची वीट, एएसी ब्लॉक (राख, सिमेंट, चुन्याचे वाफेत पिकवलेले हलके, सच्छिद्र ठोकळे) आणि राखमिश्रित पीपीसी सिमेंट सर्रास वापरलं जातं. पण वर्षभरात भिंतीवर रेघा उमटल्या की दोष राखेच्या माथी मारला जातो. खरा दोष बहुतेक वेळा लाल विटेच्या सवयीने काम केल्याचा असतो.

लाल वीट भट्टीतून पूर्ण कोरडी निघते आणि पुढे हवेतला ओलावा घेऊन किंचित फुगते. राखेची वीट आणि ब्लॉक यांचं उलटं आहे. ते तयार होतात तेव्हाच ओले असतात आणि वाळताना आकसतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या एका फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

ताजी वीट उचलणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सिमेंटवर बनवलेल्या राखेच्या विटेला किमान १४ दिवस, तर चुना-जिप्समच्या विटेला २१ ते २८ दिवस पाणी लागतं, आणि त्यानंतर सावलीत वाळायला वेळ. मागणी वाढली की आठव्या दिवशीच गाडी भरली जाते. म्हणून गठ्ठ्यावर वीट पाडल्याची तारीख मागा. साइटवर एक साधी चाचणी करता येते : वीट चांगली वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. ३ किलोच्या विटेने ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायलं, म्हणजे २० टक्क्यांच्या वर गेलं, तर तो माल परत पाठवा. ताकदीसाठी प्रयोगशाळेत नमुने द्या. ७.५ वर्गाची (प्रति चौरस मिमी ७.५ न्यूटन ताकदीची) २३० × ११० मिमी वीट सुमारे १९० किलोन्यूटन भार पेलायला हवी.

वीट बनवणाऱ्यांनी आधी राख तपासावी. न जळलेला कोळसा ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर राख काळपट दिसते, पाणी जास्त मागते आणि वीट कमजोर निघते. औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यातली ओली राख कोरड्या राखेच्या मापाने घातली तर तिच्यातलं पाणी हिशेबात येत नाही आणि सगळं प्रमाण बिघडतं. प्रत्येक खेपेला ओलावा मोजा आणि तेवढं पाणी कमी करा.

विटा भिजवून लावणं

लाल वीट हौदात बुडवतात, ते योग्यच. राखेच्या विटेवर मात्र नुसता पाण्याचा शिपका पुरतो. ब्लॉक तर कधीच बुडवू नका. साध्या सिमेंट-रेतीच्या मालात लावायचा असेल तर पृष्ठभाग ओलसर करा, चिकट मोर्टार (ब्लॉक चिकटवायचं तयार मिश्रण) वापरायचं असेल तर ब्रशने धूळ झाडा. त्या मोर्टारचा थर दातेरी थापीने २ ते ३ मिमी ठेवायचा. तिथे १२ मिमी जाड थर दिला तर पैसे वाया जातात आणि आकसणंही वाढतं.

पावसाळ्यात ही चूक आपोआप घडते. जुलैत ब्लॉक उघड्यावर, जमिनीला टेकून ठेवले जातात. ऑगस्टमध्ये ओल्या ब्लॉकची भिंत उभी राहते, दिवाळीआधी ताबा द्यायचा म्हणून ऑक्टोबरात घाईने प्लास्टर होतं, आणि मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात भिंत आकसून तडे जातात. फळ्यांवर रचून वरून ताडपत्री टाकली तर हे टळतं.

कॉलम, बीम आणि भिंत

काँक्रीट आणि ब्लॉक वेगवेगळे हलतात. दोन्हींच्या जोडावर प्लास्टरआधी २०० ते ३०० मिमी रुंद जाळी, दोन्हीकडे सारखी पसरलेली, हवीच. बीमखाली १० ते १५ मिमी फट सोडा. ती किमान आठवड्याने भरा, आणि वरच्या मजल्यापासून खाली या. १०० मिमी भिंतीत दर १ ते १.२ मीटर उंचीवर ८ मिमीच्या दोन सळ्यांचा काँक्रीटचा पाटा द्या. एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच चढू नका.

वायरिंगच्या झिरीसाठी छन्नी-हातोडा बंद. कटरने कापा, खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी ठेवा, आणि भरल्यावर वरून जाळी लावा.

'जास्त सिमेंट म्हणजे मजबूत' हा समज

मऊ ब्लॉकवर १:३ चं (एक भाग सिमेंटला तीन भाग रेती) कडक प्लास्टर जोरात आकसतं आणि सुटतं. १:६ पुरतं, बाहेरून दोन थरांत १५ ते १८ मिमी. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) असेल तर प्लास्टरसाठीची वेगळी घ्या, कारण दगडाची बारीक भुकटी जास्त असेल तर जाळीसारखे तडे पडतात. आणि जास्तीचं सिमेंट म्हणजे जास्तीचं कार्बन उत्सर्जन, मग राख वापरून वाचवलं काय?

पीपीसीमध्ये आधीच १५ ते ३५ टक्के राख असते. साइटवर वरून आणखी मिसळू नका. या सिमेंटची ताकद सावकाश येते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारायलाच हवं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री १० अंशांखाली जातो तेव्हा सेंट्रिंग काढायची घाई नको.

तडा पाहून कारण ओळखा

कॉलमलगत सरळ उभी किंवा बीमखाली आडवी रेघ : जाळी नाही किंवा फट घाईत भरली. झिरीच्या रेषेत तडा : कापणं किंवा भरणं चुकलं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे : माल कडक, रेती बारीक किंवा पाणी कमी. टकटक करून पोकळ आवाज येईल तेवढं प्लास्टर काढूनच टाका.

आकसण्याचे तडे एक उन्हाळा जाऊ देऊन भरा. १० मिमी रुंद व्ही खाच पाडून झाडा, पॉलिमर मोर्टार भरा आणि वर १५० मिमी फायबरची जाळी दाबून बसवा. नुसती पुट्टी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटते.

जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरका तडा मात्र वेगळा. त्याच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याभरात खुणेच्या पुढे सरकला तर संशय पायाखालच्या काळ्या मातीवर घ्या, जी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पन्हाळीचं पाणी पायापासून लांब न्या, प्लिंथभोवती (जोत्याभोवती) उताराची फरसबंदी करा आणि भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.