गीझर बसवताय? आधी सॉकेट उघडून अर्थिंग बघा

गीझर कुठला घ्यायचा यावर लोक आठवडाभर डोकं खपवतात, लिटर बघतात, स्टार बघतात, आणि तो ज्या सॉकेटला लागणार त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आमच्याकडे पण तेच झालेलं, बिल्डिंग जुनी, गीझर नवा कोरा, आणि दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनने सॉकेट उघडला तर अर्थच्या पॉइंटला (गळलेला करंट जमिनीत नेणारा) वायर होती, पण चार बोटं लांब, तिथूनच वळवून न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, जोडलेली. म्हणजे अर्थिंग नव्हतंच, नुसता देखावा!

हा जुगाड जुन्या घरांत बऱ्याचदा सापडतो, आणि मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गीझरची अख्खी बॉडी फेजवर, म्हणजे करंट असलेल्या वायरवर, येते. गंमत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला तरी बल्ब मस्त पेटतो, त्यामुळे नुसत्या बल्बवर जाऊ नका. मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा आणि हिरवी वायर कुठे जाते ते स्वतः बघा. पाण्याच्या पाइपला जोडून दिलेली अर्थ पण चालत नाही, मधे कुठेतरी प्लास्टिकचा पाइप असतोच.

आता वायर. ३ लिटरचा इन्स्टंट गीझर साधारण ३००० वॉटचा, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर, आणि १५-२५ लिटरचा स्टोरेजवाला बहुतेक २००० वॉटचा, म्हणजे ९ च्या आसपास. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून हे चालवायचं नाही म्हणजे नाही, १६ अँपिअरचाच पॉवर प्लग पाहिजे आणि डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन स्विचांच्या बोर्डापासून, वेगळी लाइन. २ किलोवॉटला तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम, ३ ला ४ ची टाका, पैशाचा फरक फार नाही. एक्स्टेंशन बोर्डाचं तर नावच काढू नका.

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना मग झालं, असं लोक म्हणतात, पण एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ चा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत ढिम्म हलत नाही आणि माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच. आणि वर सांगितलेला न्यूट्रलचा जुगाड आरसीसीबीच्या पुढे असेल तर गीझर चालू केला की काही वेळा तो ट्रिप होतो, मग काही वायरमन सांगतात आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू. काढू देऊ नका, वायरिंग शोधायला लावा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, पडला पाहिजे.

स्विच बाथरूमच्या बाहेर, डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), इंडिकेटरवाला, म्हणजे ओल्या हाताने शोधाशोध नको. पाणी तापवून घ्या, बंद करा, मग आंघोळ.

बसवल्यावर आधी गरम पाण्याच्या नळातून सलग धार येऊ द्या, मगच स्विच, कोरडा चालू केला की एलिमेंट जळतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात ते पडू द्या, बूच मारू नका.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं चालवून स्विच बंद करा आणि कोरड्या हाताने प्लग काढून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला किंवा पिन काळी दिसली तर सॉकेट ढिला आहे, त्याच दिवशी बदला.