होलोकॉस्टमधून वाचलेल्या माणसाची गोष्ट कादंबरीत आणताय? या चुका टाळा

होलोकॉस्ट म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. त्यातल्या ऑशविट्झ छावणीतून वाचलेल्या माणसाने सांगितलेल्या आठवणींवरची कादंबरी ‘द टॅटूइस्ट ऑफ ऑशविट्झ’ २०१८ ला आली, लाखोंनी खपली आणि त्याच वर्षी ऑशविट्झ मेमोरियलच्या रिसर्च सेंटरने तिच्यातल्या चुका जाहीरपणे दाखवल्या. उदाहरणार्थ, नायक जानेवारी १९४३ मध्ये त्याच्या प्रेयसीच्या, गीताच्या, टायफससाठी पेनिसिलिन मिळवतो. तेव्हा बाहेरच्या साध्या माणसालाही पेनिसिलिन मिळत नव्हतं तर छावणीत कुठून येणार, आणि आलं असतं तरी टायफसवर ते चालतच नाही! गीताच्या हातावर गोंदलेला कैदी-नंबर पुस्तकात ३४९०२, पण तिने स्वतः व्हिडिओ मुलाखतीत ४५६२ सांगितलाय, आणि ती मुलाखत आर्काइव्हमध्ये होतीच की.

म्हणजे पहिली चूक, ‘त्यांनी सांगितलं, मी लिहिलं’. पन्नास-साठ वर्षांनी सांगताना आठवणीत नंतर ऐकलेलं, वाचलेलं मिसळतंच, त्यात खोटेपणा नसतो. कित्येकजण सांगतात की रॅम्पवर, म्हणजे गाडीतून उतरायच्या फलाटावर, कोण कामाला आणि कोण मरायला ही आमची निवड नाझी डॉक्टर मेंगेलेने केली, पण मेंगेले ऑशविट्झला आला मे १९४३ मध्ये. तुमच्या आजी १९४२ ला तिथे पोचल्या असतील तर तो डॉक्टर दुसराच कुणीतरी. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण तोच चालतो, एक वही घ्या, महिन्यावार दोन रकाने करा, एकात त्यांनी सांगितलेलं, दुसऱ्यात कागदपत्रं काय म्हणतात ते. नाझींच्या बळींची कागदपत्रं जपणाऱ्या, जर्मनीतल्या आरोलसेन आर्काइव्हजची कागदपत्रं ऑनलाइन फुकट शोधता येतात. बायकांचे नंबर मार्च १९४२ पासून वेगळ्या सिरीजमध्ये सुरू झाले, त्यामुळे नंबरावरून साधारण कधी पोचल्या तेही कळतं. आणि नंबर गोंदायचे फक्त ऑशविट्झमध्ये, तेव्हा जर्मनीतल्या डाखाऊ छावणीत थेट गेलेल्या कैद्याच्या हातावर तो दाखवू नका.

आता उलटी चूक, आणि मला ही जास्त खटकते. सगळं तपासून झालं की लेखक त्या माणसाची आठवणच ‘दुरुस्त’ करायला बसतो. एका बाईंनी साक्षीत ऑशविट्झमधल्या कैद्यांच्या ऑक्टोबर १९४४ च्या उठावाबद्दल सांगितलं की चार धुराडी पेटताना मी पाहिली. इतिहासकार म्हणाले पेटलं ते धुराडं एकच होतं, त्यामुळे ही साक्ष भरवशाची नाही. मानसोपचारतज्ज्ञ डोरी लाउब, जे स्वतः लहानपणी यातून वाचलेले, त्यांचं म्हणणं होतं की ती बाई आकडा सांगतच नाहीये, जिथे काहीच घडणं शक्य नव्हतं तिथे कैद्यांनी उठाव केला हे सांगतेय. मग कादंबरीत काय करायचं? चार धुराडी तिच्या तोंडी राहू द्या, निवेदक बोलत असेल तेव्हा एकच. तपासलेलं निवेदकाचं, आठवलेलं पात्राचं, एवढी वाटणी ठेवली की निम्मे गोंधळ सुटतात.

भाषेचं बघा. मराठीत आपण सगळ्याला सरसकट छळछावणी म्हणतो, पण पोलंडमधली ट्रेब्लिंका ही मारण्यासाठीच बांधलेली जागा होती, आलेल्यांतले जवळपास सगळे काही तासांत मारले जायचे, डाखाऊसारखं नव्हतं ते. म्हणून तिथे मृत्युछावणी म्हणा. टायफसचा टायफॉइडही करू नका, टायफस उवांमुळे पसरतो. मुलाखत जर्मनमध्ये असेल तर अजून गंमत, जर्मनमध्ये ‘टायफस’ म्हणजे टायफॉइड, आणि आपल्याला हवा तो आजार म्हणजे ‘फ्लेकफीबर’.

२७ जानेवारी १९४५ ला ऑशविट्झला सोव्हिएत सैनिक आले, गेट उघडलं, समाप्त, असंही करू नका. जर्मनीतल्या बर्गन-बेल्झन छावणीजवळचा, वाचलेल्यांसाठीचा निर्वासितांचा कॅम्प १९५० पर्यंत चालू होता, आणि पोलंडमध्ये किएल्त्सेला ४ जुलै १९४६ ला, म्हणजे युद्ध संपून वर्ष झाल्यावर, जमावाने ४२ ज्यूंना मारलं. घरी परतलेल्या माणसाला दारात दुसरंच कुटुंब राहताना दिसायचं. खरी कादंबरी बऱ्याचदा इथेच असते, पण तोवर लेखक दमलेला असतो.

राहिली परवानगी. सांगणाऱ्याने हो म्हटलं तरी त्याच्या गोष्टीतल्या बाकीच्यांनी म्हटलेलं नसतं. वरच्याच कादंबरीतल्या सिल्कावर २०१९ ला वेगळं पुस्तक आलं, तेव्हा तिच्या सावत्र मुलाने त्यातल्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला. म्हणून ज्यांचे नातेवाईक सापडत नाहीत त्यांची नावं, गावं बदला, आणि पुस्तकाच्या शेवटी दोन पानांत सरळ लिहा की कुठलं पात्र दोन माणसं जोडून केलंय, कुठले संवाद तुमचे आहेत आणि कुठल्या तारखा जुळल्याच नाहीत.