देशावरून कोकणात आलात आणि दिवस गेलेत? मग हे वाचा

लातूर, बीड, परभणीकडून बदली होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात आलेल्या मास्तरणींसाठी आणि मास्तरांच्या बायकांसाठी लिहितेय. दरवर्षी नवीन येतात आणि दरवर्षी तेच घोळ घालतात.

आधी आशाताईला गाठून नाव नोंदवा, १२ आठवड्यांच्या आत. आपल्याकडच्या बायका 'बाळंतपणाला माहेरीच जायचंय, इथे कशाला' म्हणून पोट दिसेपर्यंत गप्प बसतात. नोंदवलं की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, हिमोग्लोबिन, वजन, बीपी सगळं त्यात चढतं, आणि माहेरी जाताना ते पर्समध्ये पाहिजे. आमच्या शेजारची एक कार्ड इथे फ्रीजवर ठेवून गेली, तिकडे रात्री कळा सुरू, दवाखान्यात कुणाला काही माहीत नाही, रक्तगटापासून सगळ्या तपासण्या परत, पैसे गेले ते गेले वर बोलणी खाल्ली. कार्ड विसरू नका. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटोपण ठेवा. कार्ड!

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस, बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. कॅल्शियम दिवसातून दोनदा. नर्सबाई हे सांगतात पण ओपीडीच्या गर्दीत अर्धं कानावरून जातं, म्हणून परत सांगते: दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत आणि लाल गोळी चहाबरोबर तर मुळीच नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत, लाल गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर, असं मी सगळ्यांना सांगते. शी काळी होते, घाबरू नका. मळमळलं तर नर्सबाईंना विचारा, परस्पर बंद नको.

आता मासे. कोकणी माणूस आधी चार दिवस नुसता बघतो, मग एकदम डबा घेऊन दारात येतो. खात असाल तर नाही म्हणू नका. बांगडा, तारले खुशाल खा, प्रोटीन आहे, बाळाच्या मेंदूला चांगलं आहे, शिवाय स्वस्त. कालवं-तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातली मासळी, नीट शिजवलेल्याच. पण मोरी नको! इथे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं मटण मुद्दाम करतात. मोरी म्हणजे शार्क, दुसरे मासे खाऊन वाढतो, त्यांच्यातला पारा याच्या अंगात साठत जातो आणि तो बाळाच्या मेंदूला वाईट. पोटुशी असताना अजिबात नाही, अंगावर पाजतानाही टाळलेली बरी. शेजारच्या आजींशी वाद घालायचा नाही, 'डॉक्टरांनी बंद केलंय' म्हणायचं, विषय संपतो. दूध वाढतं ते बाळाला वरचेवर पाजल्याने.

मासे न खाणाऱ्यांनी गावाहून ज्वारीचं पोतं येण्याची वाट बघत बसू नका. इथली नाचणी घ्या, कॅल्शियमला तोड नाही. कुळथाची पिठी, मोडाची कडधान्यं, अळीव आहेतच. अंगणवाडीतला आहार लाजून सोडू नका, तो हक्काचा आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते.

बाळंतिणीचं पाणी तोडायचं खूळ दोन्हीकडे आहे, इथेही आणि आपल्याकडेही. ऐकू नका. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६००च्या आसपास कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक जेवणच वाढलं समजा, आणि तहान लागेल तेवढं पाणी. नुसत्या पेजेवर ठेवलं तर सरळ पोळी-भाजी मागा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घरोघरी सुकी मासळी चालते, ती खारट असते, बीपी वाढलेलं असेल तर बेताने.