ग्रेस्केल प्रतिमा ओळखताना या चुका टाळा

गिरगाव-लालबागच्या चाळींतील जुन्या भाडेपावत्या आणि करारपत्रे स्कॅन करून जतन करताना जागा वाचावी म्हणून कृष्णधवल पाने ग्रेस्केलमध्ये, म्हणजे रंगाविना फक्त करड्या छटांत, साठवली जातात. ही निवड करणारा कोड चुकला, तर पावतीवरचा जांभळा शिक्का कायमचा करडा होतो. म्हणून ही तपासणी घाईने लिहू नये.

सर्रास आढळणारी चूक म्हणजे चॅनेल (लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाचा वेगळा थर) मोजून निर्णय देणे. ओपनसीव्ही या प्रतिमा हाताळणाऱ्या लायब्ररीचे फाइल उघडणारे इमरीड फंक्शन फ्लॅग (पर्याय सांगणारी खूण) न दिल्यास कृष्णधवल फाइलही तीन चॅनेलमध्येच उघडते, त्यामुळे मूळ रचना हवी असल्यास 'अनचेंज्ड' फ्लॅग द्यावा लागतो. याउलट, पिलो या दुसऱ्या प्रतिमा-लायब्ररीतील 'पी' मोडची प्रतिमा एकाच चॅनेलची असते, पण तिच्यातील आकडे उजळपणाचे नसून रंगतक्त्यातील क्रमांक असतात. ती आधी आरजीबीमध्ये (लाल-हिरवा-निळा) बदलून घ्यावी.

रंगहीन पिक्सेलमध्ये तिन्ही चॅनेलचे आकडे सारखे असतात, म्हणून त्यांच्यातील फरक पाहावा लागतो. तो काढताना नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा 8 बिटी चिन्हविरहित (फक्त 0 ते 255 मावणारा) प्रकार दगा देतो: त्यात 3 वजा 5 याचे उत्तर 254 येते. वजाबाकीपूर्वी 16 बिटी चिन्हांकित (ऋण आकडेही मावणारा) प्रकार वापरावा.

सर्वांत घातक चूक मात्र सरासरीची आहे. 300 डीपीआयवर (इंचाला 300 बिंदू) स्कॅन केलेल्या ए4 पानात सुमारे 87 लाख पिक्सेल असतात आणि 2 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी शिक्का त्यांपैकी जेमतेम 0.64 टक्के व्यापतो. शिक्क्यातील प्रत्येक पिक्सेलमध्ये 100 अंकांचा फरक असला, तरी संपूर्ण पानाची सरासरी 1 च्या आतच राहते आणि कोड ते पान निःशंकपणे ग्रेस्केल ठरवतो. म्हणून मर्यादेपलीकडचे पिक्सेल वेगळे काढून ते एकमेकांना लागून मोठा डाग तयार करतात का, हे पाहावे. अक्षरांच्या कडेला स्कॅनरमुळे उमटणाऱ्या बारीक रंगीत रेषा त्यामुळे आपोआप गळतात.

पिवळसर पडलेल्या कागदाला हाच नियम थेट लावला, तर अख्खे पान रंगीत ठरते. तेथे उजळपणा आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या लॅब रंगावकाशात जाऊन 'ए' आणि 'बी' या रंगाच्या आकड्यांचे अंतर पानाच्या मध्यकापासून मोजणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. ओपनसीव्हीच्या 8 बिटी लॅबमध्ये रंगहीन बिंदू 0 नव्हे, तर 128 असतो, हे लक्षात ठेवावे.

ओपनसीव्ही बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रम देते. तो आरजीबी समजून ग्रेस्केलमध्ये रूपांतर केल्यास लाल रंगाचा 0.299 आणि निळ्याचा 0.114 हे गुणक एकमेकांच्या जागी लागतात, आणि निळी शाई असायला हवी त्यापेक्षा फिकट उमटते.

कोड बदलला की लहान शिक्क्याची पावती, पिवळे कोरे पान आणि रंगतक्त्याची पीएनजी, या तिन्हींवर तो पुन्हा चालवून पाहावा.